कालनिर्णयावरचे ठिपके : पाळी आणि दमा यांचं इंदूरमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मी इंदूरमध्ये छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. हे प्रकरण माझ्याकडच्या एका ३४ वर्षांच्या शिक्षिकेचं. त्यांनी हा मजकूर वाचून होकार दिला आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

घर जुन्या मराठी वस्तीतलं. सासू-सासरे, यजमान आणि सात वर्षांची मुलगी असं कुटुंब. यजमान मंडीत धान्याची दलाली करतात. घरात दहा दिवसांचा गणपती असतो आणि महालक्ष्म्याही उभ्या राहतात. सोवळं-ओवळं अजून बऱ्यापैकी पाळतात.

दमा त्यांना तेराव्या-चौदाव्या वर्षी सुरू झाला. धाकट्या भावाला तो अगदी लहानपणापासून होता आणि सोळाव्या वर्षापर्यंत जवळजवळ गेला. आई म्हणायची, "त्याचा उतरला आणि हिला चढला." मुलीचा त्रास ती शहाणी झाली त्याच वर्षी सुरू झाला, हे आईच्या लक्षात होतं, पण त्या दोन गोष्टी कुणी एकत्र ठेवून पाहिल्या नव्हत्या. गरोदरपणी मात्र नऊ महिने छाती अगदी मोकळी होती. बाळंतपणानंतर तीन महिन्यांत त्रास परत आला.

उपचार म्हणजे श्वासनलिका तात्पुरती मोकळी करणारा निळा पंप, तोही धाप लागली की. श्वासनलिकेची सूज कमी करणारा रोजचा पंप दोनदा सुरू झाला आणि दोन्ही वेळा "पंपाची सवय लागते" म्हणून बंद पडला.

अडचण

माझ्याकडे त्या ऑक्टोबरात आल्या. त्याआधी, अनंत चतुर्दशीनंतर तिसऱ्या रात्री, पहाटे तीनच्या सुमाराला त्यांना जबरदस्त अटॅक आला होता. ऑक्सिजन ९० वर आला होता आणि वाक्य पूर्ण बोलता येत नव्हतं. एका खासगी रुग्णालयात दोन दिवस ठेवावं लागलं. घरच्यांचं म्हणणं ठाम होतं : झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, पाहायला रात्रभर गर्दीत उभी राहिली, धूळ आणि गुलाल छातीत गेला.

मलाही ते पटलं. आमच्या इंदुरात अनंत चतुर्दशीच्या झांक्यांना सगळं शहर रस्त्यावर येतं, त्यामुळे ते पटायला अवघड नव्हतं. त्यात माझा स्वतःचा एक संशय होता. माळव्यात तेव्हा सोयाबीन निघत होतं आणि यजमानांच्या कपड्यांवर रोज मंडीची धूळ यायची. बार्सिलोना बंदरावर १९८०च्या दशकात सोयाबीन उतरवताना उडणाऱ्या धुळीने शहरात दम्याच्या साथी आल्या होत्या, हे आम्हा छातीच्या डॉक्टरांना शिकवलेलं असतं. ते उदाहरण माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की समोरच्या बाईंना विचारायचा प्रश्न मी त्यांच्या यजमानांना विचारला.

तपासण्या केल्या. फुफ्फुसाच्या चाचणीत श्वास जोराने सोडण्याची क्षमता अपेक्षेच्या ७२ टक्के होती आणि औषध दिल्यावर चांगली वाढली. रक्तात इओसिनोफिल, म्हणजे अशा सुजेत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वाढलेल्या. त्वचेच्या चाचणीत गादी-गोधडीतले धूळकिडे आणि झुरळं यांची अ‍ॅलर्जी निघाली, सोयाबीनची नाही. मी ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा, म्हणजे सूज उतरवणारं आणि श्वासनलिका मोकळी करणारं अशी दोन्ही औषधं असलेला, पंप सकाळ-संध्याकाळ सुरू केला आणि गाद्या-चादरींबद्दल सूचना दिल्या. मंडीचे कपडे अंगणातच बदलायला सांगून त्यांना घरी पाठवलं.

डिसेंबरात पुन्हा अटॅक आला. पंप त्या नियमित घेत होत्या. सोयाबीनचा हंगाम सरला होता आणि झांक्याही नव्हत्या.

पहिला निर्णायक क्षण

त्या दिवशी आमच्या सिस्टर त्यांना पंप स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून, कसा घ्यायचा ते शिकवत होत्या. यजमान बाहेर औषधं घ्यायला गेले होते. सिस्टरांनी सहज विचारलं, "रात्री कितीदा उठावं लागतं, ताई?" त्या म्हणाल्या, "एरवी नाही. अडचण यायच्या आधीच्या दोन-तीन रात्री मात्र बसूनच काढते."

सिस्टरांनी ते मला येऊन सांगितलं. दोन भेटींत मिळून तासभर मी त्यांच्याशी बोललो होतो. धुळीबद्दल, कुत्र्या-मांजरांबद्दल, उदबत्त्यांबद्दल, स्वयंपाकाच्या धुराबद्दल विचारलं होतं. पाळीबद्दल विचारलं नव्हतं. दोन्ही वेळा यजमान शेजारी बसलेले होते आणि दुसऱ्या वेळी सासूबाईही होत्या. मला संकोच वाटला आणि तो संकोच मी त्यांच्याच नावावर टाकला : "त्यांना अवघडल्यासारखं होईल." खरं तर विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. सिस्टरांना एका प्रश्नात सांगितलंच की.

पुढच्या भेटीला त्या एकट्या आल्या आणि येताना मागच्या वर्षाचं कालनिर्णय घेऊन आल्या. त्यावर दुधाचा हिशोब, एकादश्या, मुलीच्या परीक्षा आणि दर महिन्याला पेन्सिलीचा एक बारीक ठिपका होता. यजमानांनी औषधांच्या पावत्या जपून ठेवल्या होत्या. दोन्ही शेजारी ठेवून आम्ही पाहिलं. वर्षभरात सात वेळा वाफ घ्यायला दवाखाना गाठावा लागला होता. त्यांतल्या पाच वेळा ठिपक्याच्या आधीच्या चार दिवसांतल्या होत्या. एक वेळ रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशीची, गेर, म्हणजे इथली रंगांची मिरवणूक, पाहून आल्यावरची, तिचा ठिपक्याशी काही संबंध नव्हता.

सातवी वेळ म्हणजे भाद्रपदातला मोठा अटॅक, आणि तिथे ठिपका जागेवर नव्हता. हिशोबाने तो महालक्ष्म्यांच्या दिवशी यायला हवा होता. तो होता अनंत चतुर्दशीनंतर चौथ्या दिवशी, अटॅकच्या दुसऱ्या दिवशी.

"इथे उशिरा कशी आली?" मी विचारलं.

"गोळ्या घेतल्या होत्या ना, पुढे ढकलायच्या. महालक्ष्म्यांचा स्वयंपाक, सोळा भाज्या, पुरण... मी बाजूला बसले तर करणार कोण? मग गणपती उठेपर्यंत चालूच ठेवल्या."

त्या गोळ्या म्हणजे नॉरएथिस्टेरॉन, प्रोजेस्टेरॉन या स्त्री-संप्रेरकासारखं (हार्मोनसारखं) काम करणारं औषध. औषधाच्या दुकानातून आणलेल्या, दिवसातून तीन. शेवटची अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी. ही गोळी थांबवली की साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. त्यांना आधी अटॅक आला आणि मग पाळी आली.

सणाचे ते दिवस आठवून पाहा, असं मी त्यांना सांगितलं. धूप, कापूर, उदबत्त्या, माळ्यावरून काढलेल्या जुन्या पितळी भांड्यांची धूळ, पाहुणे, जागरणं. दम्याला हवं ते सगळं घरात होतं, आणि त्या दहा दिवसांत निळा पंप त्यांना दोनदाच लागला. झांक्यांच्या रात्रीही त्या ठीक होत्या आणि दुसऱ्या दिवशीही. अ‍ॅलर्जीची उशिरा येणारी प्रतिक्रिया काही तासांत येते, ती तिसऱ्या रात्रीची वाट पाहत नाही. गर्दीतून सर्दीचा विषाणू आला असता तर दोन-तीन दिवस लागले असते, हे खरं. पण नाक वाहणं, ताप, घसा यांपैकी काहीच नव्हतं. एका रुग्णाच्या एका महिन्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मान्य करूनही तो सरकलेला ठिपका मला फार बोलका वाटला. पाळी सरकली आणि तिच्याबरोबर अटॅकही सरकला.

इस्ट्रोजेन श्वासनलिकेत काय करतं

लहानपणी दमा मुलग्यांमध्ये जास्त आढळतो. वयात आल्यावर पारडं फिरतं आणि प्रौढ वयात तो स्त्रियांमध्ये जास्त, आणि जास्त तीव्रही. रजोनिवृत्तीनंतर हा फरक पुन्हा कमी होतो. "त्याचा उतरला आणि हिला चढला" हे आईचं वाक्य म्हणजे या सगळ्याचा सारांशच होता.

अ‍ॅलर्जीच्या सुजेत भाग घेणाऱ्या अनेक पेशींवर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. त्यांचे मुख्य प्रकार दोन, अल्फा आणि बीटा. मास्ट पेशींमध्ये हिस्टामिनसारखी द्रव्यं भरलेली असतात. अ‍ॅलर्जीची आयजीई प्रतिपिंडं या पेशींवर बसलेली असताना इस्ट्रोजेन मिळालं, तर ही द्रव्यं अधिक सहज बाहेर पडतात. अल्फा ग्राहकाच्या वाटेने इस्ट्रोजेन इंटरल्यूकिन ५ आणि १३ यांसारख्या संदेशद्रव्यांना बळ देतं. यातलं ५ इओसिनोफिल वाढवतं आणि १३ मुळे चिकट कफ वाढतो. प्रयोगशाळेत मादी उंदरांची बीजकोशं काढली की अ‍ॅलर्जीची सूज कमी झालेली दिसते आणि इस्ट्रोजेन परत दिलं की ती परत येते. टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरकं याच्या उलट वागतात : सुजेला सुरुवात करून देणाऱ्या जन्मजात लिम्फ पेशींना ती आवर घालतात. भावाचा दमा का उतरला, त्याचं काही उत्तर इथे आहे.

आता चौकस वाचक विचारेल, की इस्ट्रोजेन सूज वाढवतं तर ते कमी होतं तेव्हा, म्हणजे पाळीच्या तोंडावर, अटॅक का? हाच प्रश्न त्या बाईंनीही विचारला. इस्ट्रोजेनला दोन हात आहेत, असं मी त्यांना समजावलं. एका हाताने ते सूज पेटती ठेवतं आणि दुसऱ्या हाताने श्वासनलिकेभोवतीचा स्नायू सैल ठेवतं. प्रोजेस्टेरॉनही स्नायू सैल करतं, पण कफ वर ढकलणाऱ्या बारीक केसांची गतीही मंदावतं. बीज सुटल्यानंतरच्या दोन आठवड्यांत दोन्ही संप्रेरकं चढी असतात. सूज साचत जाते, पण नळी सैल असल्यामुळे बाहेरून कळत नाही. पाळीच्या आधी दोन्ही एकदम उतरतात. सैल ठेवणारा हात निघून जातो, साचलेली सूज मात्र मागे राहते. म्हणून पातळी किती आहे यापेक्षा ती किती वेगाने खाली येते, याला महत्त्व. नॉरएथिस्टेरॉनची गोष्टही इथे जुळते. मोठ्या मात्रेत घेतलेल्या या गोळीचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्येच बदलतो. गोळी चालू असेपर्यंत टेकू होता, तो एका संध्याकाळी काढून घेतला.

हे ज्ञान नवं नाही, म्हणून मला जास्त लागतं. पाळीपूर्वीच्या त्रासाचं वर्णन अमेरिकेतल्या रॉबर्ट फ्रँक या डॉक्टरांनी १९३१ साली केलं, तेव्हाच त्यात पाळीआधी दमा उसळणारी एक रुग्ण होती. १९९६ साली तिथल्याच एका अभ्यासात, दम्याचा अटॅक घेऊन तातडीच्या विभागात आलेल्या १८२ स्त्रियांपैकी ४६ टक्के पाळीच्या आगेमागेच्या दिवसांत आल्या होत्या. आणि मी बार्सिलोनाच्या सोयाबीनचा विचार करत बसलो होतो.

कोणते पर्याय समोर होते

पहिली शंका दुखण्याच्या गोळीवर गेली. पाळीच्या पहिल्या दिवशी त्या मेफेनॅमिक अ‍ॅसिडची गोळी घेत. अ‍ॅस्पिरिनच्या कुळातल्या अशा गोळ्यांनी काही दमेकऱ्यांना गंभीर अटॅक येतो आणि तो पाळीचाच दमा समजला जाऊ शकतो. म्हणून पंपाच्या नोंदींबरोबर गोळीची वेळही लिहायला सांगितली. दोन महिन्यांत चित्र स्पष्ट झालं. फुंकायच्या छोट्या यंत्रावर, म्हणजे पीक फ्लो मीटरवर, त्यांचा आकडा एरवी ३८० असे. पाळीच्या चार दिवस आधीपासून तो २८०पर्यंत घसरायचा, आणि गोळी पोटात जायची ती त्यानंतर, पहिल्या दिवशी. शिवाय दाढ दुखली तेव्हा महिन्याच्या मधल्या दिवसांत त्यांनी आयब्युप्रोफेन घेतलं होतं आणि काही झालं नव्हतं. गोळी निर्दोष ठरली. तरी आटोक्यात येईपर्यंत पॅरासिटामॉल आणि गरम पाण्याची पिशवी, एवढ्यावर भागवायचं ठरलं.

यजमानांनी विचारलं, "हार्मोनची टेस्ट करून घेऊ का?" मी नको म्हटलं. इस्ट्रोजेनची पातळी दिवसागणिक बदलते. एका दिवसाचा आकडा बहुधा सर्वसाधारणच आला असता आणि "हार्मोन तर ठीक आहेत" असा उलटा निष्कर्ष घरात पक्का झाला असता. पेन्सिलीचे ठिपके त्यापेक्षा जास्त सांगत होते.

मॉन्टेलुकास्ट या दम्यावरच्या गोळीचा विचार झाला. पाळीच्या दम्यात काहींना त्याचा उपयोग होतो. पण पाळीआधी त्यांचं मन फार खचतं, रडू येतं, असं त्या म्हणाल्या होत्या. मनावर होणाऱ्या दुष्परिणामांबद्दल या औषधाला २०२० साली अमेरिकेत सर्वांत कडक इशारा जोडला गेला. त्याच दिवसांत तेच औषध दिलं तर खचणं औषधाचं की पाळीचं, हे कळलं नसतं. ते मागे ठेवलं.

संप्रेरकांचा चढ-उतारच सपाट करण्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या सलग देणं, हा पर्याय मला सर्वांत तर्कशुद्ध वाटत होता. मी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्यांनी मी न विचारलेला आणखी एक प्रश्न विचारला : डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे काही दिसतं का? दिसायचं. नागमोडी, चमकत्या रेषा, वीस मिनिटं. अशा अर्धशिशीत इस्ट्रोजेनची गोळी दिली तर पक्षाघाताचा धोका वाढतो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत ती पूर्ण वर्ज्य आहे. पर्याय तिथेच संपला. त्याच कारणाने पाळी ढकलायच्या गोळ्याही बाद झाल्या. मी परस्पर चिठ्ठी लिहून दिली नाही, याचं मला आजही हायसं वाटतं.

काय केलं

उपाय साधा निघाला. तोच पंप, पण कॅलेंडर पाहून. एरवी सकाळ-संध्याकाळ एकेक फवारा. पाळीच्या एकविसाव्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत दोन-दोन. मध्येच धाप लागली तर निळ्या पंपाऐवजी हाच जादा घ्यायचा, कारण त्यात सूज उतरवणारं औषधही आहे. नुसत्या निळ्या पंपावर दमा सांभाळू नये, असं दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं २०१९पासून सांगत आहेत. आकडा ३००च्या खाली गेला तर फोन, २०० खाली गेला तर थेट दवाखाना. हे आकडे त्यांचे आहेत. दुसऱ्या कुणी ते स्वतःला लावून घेऊ नयेत, आपले आकडे आपल्या डॉक्टरांकडून काढून घ्यावेत.

"सवय लागते" या भीतीवर मी सासूबाईंना बोलावून वेगळा अर्धा तास दिला. फवाऱ्यातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि अटॅकच्या वेळी देतात ती स्टेरॉइडची गोळी मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजार पटींच्या मापात, हे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "मग आजवर आम्ही उलटंच करत आलो म्हणायचं." गोधड्या आणि चादरी आठवड्याला कडकडीत पाण्यात धुण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

परिणाम

फेब्रुवारीपासूनच्या पहिल्या चार पाळ्यांत पाळीआधीची घसरण १००वरून ४०-५०वर आली. बसून काढलेल्या रात्री पहिल्या महिन्यात दोन, दुसऱ्यात एक, मग नाही. तातडीने दवाखान्यात यावं लागलं नाही. जुलैत घरात सगळ्यांना सर्दी-ताप झाला तेव्हा मात्र छाती चांगलीच भरली आणि पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या द्याव्या लागल्या. तेव्हा पाळीचा नववा दिवस होता. दमा एकाच वाटेने येत नाही, हे त्यांनी त्या दिवशी स्वतःच मला सांगितलं.

पाळीआधीचं मन खचणं तसंच आहे. त्याचे उपचार आता स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे सुरू आहेत.

भाद्रपदात तारीख पुन्हा महालक्ष्म्यांच्या आसपास येत होती. आषाढातच त्या कॅलेंडर घेऊन आल्या, या वेळी सासूबाईंसोबत. गोळ्या घ्यायच्या नाहीत, हे मी सांगण्याआधी सासूबाईंनीच सांगितलं. "नैवेद्याचं मी आणि माझी जाऊ बघू. ही बसेल बाजूला. नाही तर बसणारही नाही, ते तिचं ती ठरवेल." प्रत्यक्षात पाळी दोन दिवस उशिरा आली आणि पुरण त्यांनीच घातलं.

वेगळं काय करता आलं असतं

शेवटच्या पाळीची तारीख पहिल्याच भेटीत विचारायला हवी होती. ऑक्टोबर ते डिसेंबर हे दोन महिने आणि एक अटॅक, ही त्या न विचारलेल्या प्रश्नाची किंमत आहे आणि ती माझ्या रुग्णाने भरली. दम्याची सुरुवात कोणत्या वयात झाली, हे मी कागदावर लिहून घेतलं होतं. गरोदरपणी बरं होतं, हेही लिहिलं होतं. गरोदरपणी साधारण एक तृतीयांश स्त्रियांचा दमा सुधारतो, तितक्याच जणींचा बिघडतो. पण वयात येताना सुरू, गरोदरपणी गायब, बाळंतपणानंतर परत, अशी ओळ समोर असताना मी ती सलग वाचली नाही.

नोंदींच्या दोन महिन्यांबद्दलही मला टोचणी आहे. कारण नक्की कळावं म्हणून मी त्या काळात औषध वाढवलं नाही. आकडे स्वच्छ मिळाले, पण त्यासाठी त्यांनी आणखी पाच-सहा रात्री बसून काढल्या. मागच्या वर्षाचं कॅलेंडर आणि पावत्या एवढ्या पुराव्यावर पहिल्याच महिन्यात मात्रा वाढवून नोंदी सोबत चालू ठेवता आल्या असत्या. दुखण्याच्या गोळीचा प्रश्न तरीही सुटला असता, कारण त्यासाठी फक्त वेळ लिहायची होती.

आणि सणासाठीच्या गोळ्या. त्या मागताना दुकानात कुणी काही विचारत नाही आणि दवाखान्यात "कोणती औषधं चालू आहेत?" याचं उत्तर देताना त्या कुणाला औषध वाटत नाहीत. दम्याच्या बायकांना मी आता श्रावणातच वेगळं विचारतो : पाळी पुढे ढकलायला काही घेणार आहात का, आणि डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे काही चमकतं का. मागच्या श्रावणात हे विचारलेल्या अकरा जणींपैकी चौघींनी गोळ्या आणूनही ठेवल्या होत्या.